बाबांची फळी आणि ओटिलीबाईंचं भांडं

माझ्या हातात आलेली वस्तू सुटत नाही. हे मी नाही, आमचे कोच म्हणतात. मी फक्त ते सगळ्यांना कळवत असतो.

मी अमेरिकन फुटबॉलमध्ये टाइट एंड आहे, आणि तोही पगारी, मोठ्या लीगमधला. टाइट एंडला बॉल झेलायची मुभा असते. माझ्या वाट्याला मात्र जन्मभर दुसरंच काम आलं. समोरून धावत येणाऱ्या, कपाटाएवढ्या माणसांना आडवं जायचं, म्हणजे आमचा क्वार्टरबॅक कोल्टन निवांत बॉल फेकू शकतो. टचडाउन, म्हणजे बॉल घेऊन मैदानाच्या शेवटच्या पट्टीत पोचणं, दुसरे करतात. मी गवतात तोंड खुपसून पडलेला असतो आणि लोकांच्या आरडाओरड्यावरून मला ते समजतं.

त्यात कोल्टनला एक सवय. टचडाउन कोणीही करो, तो बॉल हा स्वतः नेऊन पहिल्या रांगेतल्या कुणातरी प्रेक्षकाला देतो. लोक त्याच्यावर जीव ओवाळून टाकतात! आणि तो बॉल उचलून त्याच्या हातात कोण ठेवतो? मी. वर्षानुवर्षं.

फक्त खेळाडूच्या आयुष्यातल्या पहिल्या टचडाउनचा बॉल कुणाला द्यायचा नसतो. तो ज्याचा त्याने घरी न्यायचा, अशी आमच्यात रीतच आहे. टीमने मला निवडलं त्या दिवशी माझे बाबा, मर्ल व्हॉस, डुकरांना खाणं घालायचं सोडून अक्रोडाची फळी तासत बसले. तिच्यात बॉल बसेल असा लांबट खळगा कोरला आणि ती बैठकीच्या खोलीत भिंतीवर ठोकली. खळगा तेव्हापासून रिकामा. आईने एकदा तिथे घड्याळ ठेवलं, तर बाबा दोन दिवस जेवताना तिच्याशी बोलले नाहीत. पाहुणे विचारायचे, "मर्ल, हे कशासाठी?" बाबा म्हणायचे, "यायचंय अजून."

यंदाचा माझा शेवटचा हंगाम. गुडघ्यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. शेवटच्या सामन्याच्या आधी कोच म्हणाले, "लीलंड, रविवारी एक चाल तुझ्यासाठी ठेवलीय." मी घरी येऊन बायकोला, जनेलला, सांगितलं, "बाबांचा बॉल आलाच म्हणून समज!"

"झेललास तर पुढे काय करणार?" ती म्हणाली.

"करायचंय काय? छातीशी धरायचा आणि घरी आणायचा. माझ्या हातातून वस्तू सुटते का कधी?"

तरी हयगय नको म्हणून मी स्वयंपाकघरात पावाची लादी छातीशी धरून सराव केला. तो पाव नंतर बदकांना घालावा लागला.

रविवारी चाल अगदी ठरल्याप्रमाणे झाली. मी धक्का मारल्याचं नाटक केलं आणि पुढे सटकलो. माझ्या मागे कोणी आलंच नाही. मी बॉल झेलीन असं समोरच्यांना वाटलंच नव्हतं. बॉल आला, मी झेलला, शेवटच्या पट्टीत पाय टाकला. टचडाउन! लोकांचा तो आरडाओरडा आयुष्यात पहिल्यांदा मी उभ्याने ऐकला. डोळे भरून आले.

आणि भरल्या डोळ्यांनी मी चालत चालत कोल्टनकडे गेलो आणि बॉल त्याच्या हातात ठेवला.

त्यानेही न बघता तो नेऊन पहिल्या रांगेत दिला. बाकावर येऊन बसलो तेव्हा कोचनी विचारलं, "बॉल कुठंय?" मी माझे हात पाहिले. दोन्ही रिकामे.

"अरे लेका, तू दिलास म्हणून मी घेतला!" कोल्टन म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

सामना संपल्यावर मी धावलो. बॉल ओटिली स्टेल्झर नावाच्या बाईंच्या मांडीवर होता. बाई आजीच्या वयाच्या, दोन कोट आणि एक ब्लँकेट पांघरून बसलेल्या.

"बाई, तो बॉल माझा आहे."

"कोल्टनने मला स्वतःच्या हाताने दिलाय. तू कोण?"

"तो मीच झेलला ना!"

"बरं मग? आमच्याकडे पोस्टमन पार्सल आणतो. ते काय त्याचं होतं?"

मी फळीची सगळी कथा सांगितली. बाई जरा विरघळल्या. "बापासाठी म्हणतोस तर देते. पण कोल्टनला घेऊन माझ्या घरी जेवायला यायचं."

कोल्टन बिचारा आला. बाईंनी हॉटडिश केला होता, म्हणजे खाली खिमा आणि वर बटाट्याचे कुरकुरीत तुकडे रचून भाजलेला. मी तीनदा वाढून घेतला, कोल्टनने पाचदा. निघताना बाईंनी बॉल माझ्या हातात दिला. उरलेला हॉटडिश लांबट भांड्यासकट दुसऱ्या हातात दिला. "हा तुझ्या बापाला. भांडं परत आण हं!" आमच्या मिनेसोटात माणूस उसनी गाडी उशिरा परत करील, पण भांडं नाही.

दारात बर्फ होतं. कोल्टन सवयीने पुढे आला आणि त्याने हात पसरला.

हो. मी दिला.

कोल्टनने सवयीने इकडेतिकडे पाहिलं. कुंपणापलीकडे शेजारचे आर्विड म्हातारबुवा बर्फ उपसत होते. त्यांना बॉल मिळाला. त्यांनी तो कोटात घातला, आभार मानले आणि आत जाऊन कडी लावली. मग आम्ही दोघांनी कितीही दार ठोठावलं तरी आतून एकच उत्तर, "दिलेली वस्तू परत मागतात होय!"

मी भांडं घेऊन बाबांकडे गेलो. बाबा ओसरीत उभेच होते, अंगात नवा शर्ट. माझे हात पाहिले, भांडं पाहिलं. मी घडलं ते सगळं सांगितलं.

"बरं," बाबा म्हणाले. एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी हॉटडिश खाल्ला, भांडं स्वतः घासलं, पुसलं आणि फळीवरच्या खळग्यात ठेवलं. अगदी फिट्ट बसलं.

आठवड्याने बाईंचा फोन आला. "मर्ल, माझं भांडं!"

"सुखरूप आहे, बाई. बॉलच्या जागेवर ठेवलंय. बॉल आला की जागा मोकळी होईल."

"अहो, माझ्या सासूबाईंचं भांडं आहे ते!"

"तो माझ्या मुलाचा बॉल आहे," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर बाईंनी आर्विडबुवांना काय सांगितलं कुणास ठाऊक. संध्याकाळी बाईंचा फोन आला, "बॉल घेऊन जा."

अदलाबदलीला मी निघालो तर जनेल आधीच गाडीत बसलेली. "तू गाडी चालव. बाकी कशाला हात लावू नकोस." येताना बॉल तिच्या मांडीवर होता, वरून सीटबेल्ट.

बाबांनी तो तिच्याकडून घेतला, बाहीने पुसला आणि खळग्यात ठेवला. बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा काढून तोही पुसला. मी हात पुढे केला.

"लांबून बघ," बाबा म्हणाले.

आता गावातले लोक बॉल पाहायला येतात. बाबा प्रत्येकाच्या हातात तो देतात. डुकरांचा डॉक्टर तर तो वर उडवून झेलतोसुद्धा. मी घरी गेलो की मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, असा नियम आहे.