ट्रायलपुरती गाडी

परशुराम तांडेलांनी मंगळवारची कॅज्युअल टाकली, तेव्हा अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती काम'. घरी सांगितलं, 'ऑफिसच्या कामाने आंबिवलीला जायचंय'. खरं कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवलं होतं. वर्तमानपत्रातून कापलेली तीन ओळींची जाहिरात होती ती. जीपसारखी मोठी गाडी, डिझेल, पत्र्याचं छप्पर, बंद काचा, अकरा वर्षं जुनी, एकच मालक. खाली आंबिवलीचा पत्ता.

परशुराम ठाण्यात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. राहायचे चेंदणी कोळीवाड्यात. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या मनाने घेतलेला निर्णय म्हणजे मिशी काढण्याचा, आणि तोही घरच्यांनी हसून हसून आठ दिवसांत मागे घ्यायला लावला होता. नोकरी वडिलांनी लावली, बायको आत्याने बघितली, घराचा रंग मेव्हण्याने ठरवला. आता निदान गाडी तरी आपण आपली ठरवायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. तसं पक्कंही नव्हतं म्हणा. 'बघून तर येऊ, बघायला काय जातंय' एवढंच. (ठाण्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं याच वाक्यावर जमली आहेत.)

गाडी हवी कशाला, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांची बायको मंजुळा मार्केटात मासे विकायची. बावीस वर्षं रोज पहाटे ती भाऊच्या धक्क्यावरून टेम्पोत, टोपल्यांच्या मध्ये बसून, बर्फाचं पाणी अंगावर घेत यायची. पावसाळ्यात तिचे गुडघे सुजायचे. परशुरामांना ते बघवायचं नाही. पण बायकोपुढे असलं काही बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि ऐकायची तिला नव्हती.

त्या मंगळवारी नेमकी अंगारकी निघाली. अंगारकीला मासळीला कोण विचारतंय? मंजुळाला सुट्टी. तिने विचार केला, आंबिवलीच्या पुढचं स्टेशन टिटवाळा. तुमचं हापिसचं काम तुमी करा, मी गणपतीला जाऊन येते, असं म्हणून ती जरीचं लुगडं नेसून तयारसुद्धा झाली. आंबिवलीला उतरेपर्यंत परशुरामांनी खरं सांगायची तीनदा तयारी केली आणि तिन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं. शेवटी स्टेशनच्या जिन्यावर त्यांनी जाहिरातीचा कागद तिच्या हातात दिला.

तिने तो वाचला, परत घडी घातली आणि त्यांच्या खिशात ठेवला. "गाडी चालवनार कोन?" एवढंच तिने विचारलं.

परशुरामांकडे लायसन्स होतं. बारा वर्षांपूर्वी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये काढलेलं. त्यानंतर त्यांनी कुठलंच वाहन चालवलं नव्हतं, पण लायसन्स दोनदा रिन्यू केलं होतं.

गाडीचे मालक निकोलस म्हणून होते. मोहन्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले, उंच, हडकुळे, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. तीन मुलगे शाळेत होते तेव्हा त्यांनी ही गाडी घेतलेली. आता तिघंही परदेशात गेलेले. गाडी फक्त रविवारी चर्चला जायची, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तेही बंद झालं होतं. विकायचं त्यांच्या बायकोच्या, डॉरिसबाईंच्या मनात होतं. जाहिरातही त्यांनीच दिली होती. निकोलस मात्र गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून असे उभे होते, की मुलगी बघायला आलेल्यांपुढे बापसुद्धा इतका अवघडून उभा राहत नाही.

परशुरामांना सवय होती ती कचेरीत येणाऱ्या कंत्राटदारांची. प्रत्येक कंत्राटदार आपल्या मालाची स्तुती करतो, हे त्यांना पाठ होतं. निकोलस उलटंच करत होते. ब्रेक एकदा दाबून लागत नाही, म्हणाले, दोनदा दाबायचा. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, टाकी भरलेली असो की रिकामी. आणि एकदा का इंजिन बंद पडलं, की धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून चालू ठेवायची सवय करायची.

परशुराम विचारात पडले. हा माणूस दोष इतके मोकळेपणाने सांगतोय, म्हणजे गुण लपवतोय. याला गाडी विकायचीच नाही. जी वस्तू माणसाला विकवत नाही ती चांगलीच असणार, असा हिशोब त्यांनी मांडला, आणि उजवं दार उघडून थेट स्टिअरिंगमागे जाऊन बसले. मोहन्यापर्यंत एक ट्रायल मारू, म्हणाले. निकोलस त्यांच्या शेजारी बसले, मंजुळा मागच्या बाकावर.

पहिली पाच मिनिटं चांगली गेली, कारण रस्ता सरळ होता. मोहन्याच्या नाक्यावर एक म्हैस आडवी आली आणि परशुरामांनी गाडी हळू केली. नाक्यावर त्या दिवशी जत्रा लोटली होती. टिटवाळ्याला जाणारी माणसं जीपांची वाट बघत उभी होती, आणि समोर जीपच्या जातीची गाडी हळू होताना बघितल्यावर ती आणखी कशाची वाट बघणार? मागचं दार उघडलं गेलं. परशुराम मान वळवून बघेपर्यंत आत दहा माणसं, दोन नारळांच्या पिशव्या आणि दूर्वांची एक टोपली येऊन बसली होती.

परशुरामांनी त्यांना समजावलं, की ही खाजगी गाडी आहे. मागून एका म्हातारीने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. बायजा तिचं नाव, आटाळीची. पोलीस नाय हिकडं, म्हणाली, सगळे ड्रायवर हेच बोलतात, चल. थांबावं, तर इंजिन बंद पडायची भीती. पुढे जावं, तर हे दहा जण. परशुरामांनी निकोलसकडे मदतीसाठी बघितलं. निकोलसचे डोळे भिंगांमागे चमकत होते. "तेरा माणसं भरली," ते हळूच म्हणाले. "मुलांच्या शाळेच्या पिकनिकनंतर एवढी कधी भरली नव्हती."

बल्याणीच्या चढापर्यंत गाडीने मान राखला. चढाच्या अर्ध्यावर परशुरामांनी गिअर बदलायला घेतला, तो मिळायच्या आधीच इंजिन बंद पडलं, गाडी थांबली आणि मग मागे सरकू लागली. परशुरामांनी ब्रेक दाबला. एकदा. निकोलस म्हणाले, दोनदा. परशुराम घाबरून एकदाच, पण फार जोरात दाबत राहिले. तोवर मंजुळा मागच्या दाराने खाली उतरून रस्त्याकडेचा एक धोंडा उचलून चाकामागे टाकून मोकळी झाली होती. गाडी धोंड्यावर टेकली.

मग मंजुळानेच सगळ्यांना खाली उतरवलं. पुरुषांना मागे लावलं, बायकांना बाजूने, पिशव्या टपावर. बायजा उतरली नाही. तिचे गुडघे दुखत होते, आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं. निकोलसही धक्का मारायला उतरले. चढाच्या माथ्यापर्यंत सगळ्यांनी गाडी ढकलली आणि पलीकडच्या उतारावर इंजिन खोकून सुरू झालं. आता थांबायचं नाही, हे परशुरामांना समजलं होतं. ते थांबले नाहीत. मागे अकरा माणसं हाका मारत धावत होती आणि पुढे गाडीत फक्त परशुराम आणि बायजा, टिटवाळ्याच्या दिशेने निघाले होते.

टिटवाळ्याला मंदिराजवळच्या चौकात मधोमध एक वाळूचा ढीग होता. बाकीची माणसं येईपर्यंत गाडी चालू ठेवायची, म्हणून परशुरामांनी त्या ढिगाभोवती फेऱ्या सुरू केल्या. फेरी उजवीकडे वळत वळत घ्यावी लागत होती, त्यामुळे हॉर्न एकसारखा वाजत राहिला. दर्शनाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बायजाने दोन्ही हात जोडले होते. गणपतीला की परशुरामांना, ते कळत नव्हतं.

तिसाव्या फेरीला एक हवालदार आला. गाडी थांबवा म्हणाला. थांबवली तर पुन्हा सुरू होणार नाही, असं परशुरामांनी त्याला खिडकीतून सांगितलं. म्हणून हवालदार शेजारून चालत, मग थोडा पळत, चौकशी करू लागला. लायसन्स? कपाटात आहे, चेंदणीला. गाडी कुणाची? मागून येताहेत. पॅसेंजर भरलेत का? एवढ्यात धापा टाकत मंजुळा, निकोलस आणि बाकीची मंडळी चौकात पोचली, आणि नेमक्या त्याच क्षणी परशुरामांच्या हातून क्लच सुटला. गाडी एक गचका देऊन गप्प झाली. हॉर्नही.

हवालदाराने वही काढली. बिनापरवाना पॅसेंजर, म्हणाला. सरकारी नोकर, कॅज्युअलचा अर्ज, 'घरगुती काम', हे सगळं एकदम परशुरामांच्या डोळ्यांपुढे आलं. नोकरीवर गदा आली असती.

"पॅशिंजर कोनाला म्हनतोस?" बायजा आतून म्हणाली. "जावय हाय माझा. सगळी घरचीच हाव."

हवालदाराने बाकीच्यांकडे बघितलं. बाकीच्यांनी मान हलवली. निकोलसनी सर्वांत जास्त हलवली. हवालदार काही नवखा नव्हता. त्याने बायजाला विचारलं, नाव काय जावयाचं? बायजाला ते कुठून ठाऊक असणार? पण ती अडली नाही. सासूनं जावयाचं नाव घेतलंय का कधी, म्हणाली, आणि मंजुळाकडे बोट केलं. लेक उभी आहे, तिला विचार.

मंजुळाने लग्नानंतर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. एकदम चौकात, रांगेतल्या पाचशे माणसांसमोर घ्यायची पाळी आली. तिने पदर सारखा केला, लाल झालेला चेहरा पुसला आणि ती म्हणाली,

"एकवीस मोदक, एकवीस दूर्वा, गनपतीला वाहते,
परशुराम गाडी थांबवतील कदी, याची वाट पाहते."

रांग हसली. हवालदारही हसला आणि वही मिटून म्हणाला, आता गाडी चौकातून काढा. काढायची म्हणजे धक्का मारूनच. त्याने स्वतः टोपी काखेत धरून खांदा लावला. बायजाने उतरताना निकोलसच्या हातावर पिशवीतला एक नारळ ठेवला आणि गाडी लई चांगली हाय, ड्रायवर सुदरेल, असं सांगून ती दर्शनाला गेली. मंजुळाने लांबूनच कळसाला हात जोडले, कारण गाडी चालू झाली होती आणि आता ती थांबणार नव्हती.

परतीच्या वाटेवर मंजुळा पुढे, परशुराम आणि निकोलस यांच्या मध्ये दाटीवाटीने बसली होती. ती एकसारखी सांगत होती, आता दाबा, परत दाबा, आता सोडा. एका वळणावर गिअर अडकला, तेव्हा तिनेच तो हात घालून बसवला. निकोलस तिच्या हाताकडे बघत होते.

आंबिवलीला डॉरिसबाई फाटकात उभ्या होत्या. पाव तासाची ट्रायल तीन तास झाली, म्हणून त्यांनी छातीवर तीनदा क्रॉसची खूण केली होती. सगळ्यांना त्यांनी लिंबाचं सरबत दिलं. परशुरामांनी ग्लास खाली ठेवला. घाम पुसला, आवाज घट्ट केला आणि जाहीर केलं, की आपला निर्णय झाला आहे, गाडी घ्यायची. आयुष्यात इतकं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. ते बोलून ते स्वतःच थोडे चकित झाले.

निकोलसनी सरबतातल्या बिया एकेक करून बाजूला काढल्या.

"तांडेलसाहेब," शेवटी ते म्हणाले, "गाडी विकायची आहे. पण तुम्हाला नाही."

मग त्यांनी अवघडत सांगितलं, की ब्रेक दोनदा दाबायचा हे त्यांनी परशुरामांना सकाळपासून चौदा वेळा सांगितलं, आणि मंजुळाबाईंनी ते एकदाच ऐकलं होतं. गाडी अजून दहा वर्षं चालेल, पण ती जिला समजली तिच्या हातात. बाई हे शिकल्या कुठे, त्यांनी विचारलं. मंजुळा म्हणाली, कुठं शिकनार, बापाच्या होडीचं सुकाणू धरायची लहानपनी, मशीनपन मीच सुरू करायची.

परशुरामांचा चेहरा उतरला. डॉरिसबाई आत गेल्या, निकोलस त्यांच्यामागे. अंगणात दोघंच राहिले.

"तुमाला गाडी कशाला पायजे होती?" मंजुळाने विचारलं.

परशुराम चपलेकडे बघत म्हणाले, "तू टोपल्यांत बसून येतेस. गुडघे सुजतात तुझे."

मंजुळा उठली, गाडीजवळ गेली आणि बॉनेट उघडून आत बघायला लागली. "आदी बोलायचं ना," ती पाठमोरीच म्हणाली. "सकालीच मशीन बगितलं असतं."

गाडी मंजुळाने घेतली. तीन महिने ती परशुरामांच्याच त्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जायची आणि दर रविवारी आंबिवलीला निकोलसकडे. निकोलसनी तिच्याकडून ब्रेक दुरुस्त करून घेतला. हॉर्न राहू दिला. कोळीवाड्यातल्या बायका ओट्यावर बसून हसायच्या, त्यांतल्या चौघी पुढे तिच्या गाडीतून धक्क्यावर जाऊ लागल्या.

लायसन्सची टेस्ट मंजुळा पहिल्याच फटक्यात पास झाली. त्याच दिवशी गाडीही तिच्या नावावर करायची होती. परशुरामांनी पुन्हा एक कॅज्युअल टाकली आणि तिच्याबरोबर ठाण्याच्या आरटीओत गेले. खिडकीतल्या क्लार्कने फॉर्म पुढे ओढला.

"मालक कोण?"

"मी," मंजुळा म्हणाली.

"चालवणार कोण?"

"मीच."

क्लार्कने चष्म्यावरून परशुरामांकडे बघितलं. "मग आपण?"

परशुरामांनी पिशवीत हात घातला आणि बाटली काढून खिडकीत ठेवली.

"फोटो चिकटवायला डिंक आणलाय," ते म्हणाले.