सुलक्षणाबाई पंख पसरतात

सुलक्षणाबाईंचा बेत पक्का होता. पाहुण्यांना चहा द्यायचा, चार कोथिंबीरवड्या द्यायच्या आणि निरोप देताना गोड आवाजात म्हणायचं, "कळवतो." मुलाकडच्यांचं ‘कळवतो’ म्हणजे नकार, हे काय कुणाला सांगायला हवं!

नातू सर्वेश आणि मरोळ गावठाणातली वेन्डी दोन वर्षं लग्नाचं ठरवून बसले होते, आणि आजीला कळलं सगळ्यांत शेवटी! मुलगा राजेश म्हणाला होता, "आई, शेवटचा शब्द तुझा." आज वेन्डीच्या घरचे यायचे होते. मग घ्या शब्द!

पण मे महिना, मुलुंडचं उन्हात भाजणारं स्वयंपाकघर आणि अंगावर जरीची साडी! हॉलमध्ये सर्वेशने एसी अठरावर ठेवलेला. परळच्या चाळीत उकाडा निदान सगळ्यांना सारखा वाटून मिळायचा. इथे दाराच्या अलीकडे बर्फाची लादी, पलीकडे भट्टी! मांडामांडीच्या चार फेऱ्यांत बाईंना सहा शिंका आणि एक घेरी आली.

"आजी, पेंग्विनसारखं कर ना!" सर्वेश म्हणाला. "गार समुद्रात तो पिसं अंगाशी चापून बसवतो, ऊब आत राहते. जमिनीवर तापला की पिसं फुलवतो, पंख लांब पसरतो. पंखांत गरम रक्त येतं, उष्णता बाहेर. झकास!"

"आणि शिंका?"

"एकही नाही!"

बाईंना पटलं. हॉलमध्ये जाताना पदर घट्ट लपेटून, कोपरं बरगड्यांना चिकटवून. स्वयंपाकघरात परतल्या की पदर सैल आणि दोन्ही हात फैलावलेले. खरंच बरं वाटायचं हो!

शेवटचा घाणा काढेपर्यंत मात्र बाई विटेसारख्या तापल्या. जिन्यातला वारा घ्यावा म्हणून त्यांनी बाहेरचं दार उघडलं, डोळे मिटले आणि उंबरठ्यावर पंख पसरले.

तेवढ्यात लिफ्ट उघडली. आत वेन्डी आणि तिची आजी एडना. एडनाबाईंनी समोरचं दृश्य पाहिलं आणि हातातली केकची पिशवी वेन्डीच्या अंगावर टाकली.

"बाय गं! ही पोर सांगायची, आजी लय कडक आहे. आणि तू तर दारात हात पसरून उभी!"

पुढच्या क्षणी सुलक्षणाबाई मिठीत होत्या. एडनाबाई भक्कम. पंख जागच्या जागी अडकले!

"अहो... मी आपली... पेंग्विन..."

"काय म्हणते ही?"

"आनंद झालाय तिला!" सर्वेश आतून ओरडला.

"सोडा हो, उकडतंय!"

"मला पण उकडतंय! रडून घे!"

एडनाबाईंचे अश्रू मानेवर पडले, तेवढंच गार वाटलं. आणि खरं सांगायचं, तर चाळ सुटल्यापासून बाईंना असं गच्च कुणी धरलंच नव्हतं. ‘कळवतो’ ओठांपर्यंत आलं होतं, पण घुसमटलेल्या तोंडातून निघालं भलतंच.

"साखरपुडा थंडीत करू या हो!"

राजेशने टाळी वाजवली. वेन्डी केकसकट पाया पडली. एडनाबाईंनी मात्र मिठी सोडली, डोळे पुसले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"थंडीत? मुंबईत? म्हणजे सरळ नाही म्हणते का गं तू?"

"अगं बाई, नाही!" सुलक्षणाबाई किंचाळल्या. "येत्या रविवारी करा!"