उलटं टांगलेलं पत्र

आमच्या शेजारच्या नानांच्या बैठकीत काचेच्या फ्रेममध्ये एक पत्र टांगलेलं आहे, तेही उलटं. नवखा पाहुणा ते वाचायला मान वाकडी करतो आणि तिथेच फसतो. नाना खेकसतात, "वाचानं नही! देखानं!"

नाना म्हणजे इथल्या अमळनेरच्या शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. वर्गात नक्कल करायला चित्र द्यायचे, तेही उलटं ठेवून. नाक म्हणून काढाल तर चुकेल, रेघ म्हणून काढा, असं त्यांचं म्हणणं. पोरं त्यांना 'उलटे नाना' म्हणायची. पत्रालाही तोच न्याय. ते भिकाचं आहे. भिका नानांचा शाळकरी वयातला सोबती. दोघांनी सोनगीरच्या किल्ल्यावर बसून ढीगभर चित्रं काढली होती. पुढे भिका मुंबईत जाऊन मोठा चित्रकार झाला. पुन्हा काही इकडे फिरकला नाही.

आलेल्या माणसाला चहाच्या आधी पत्र बघावं लागतं. ही वेलांटी बघा, हा उकार बघा. "हात कसा फिरना देख!" शेवटी नानांचं बोट शाईच्या एका ठिपक्यावर येतं. "आनि हाऊ ठिपका! बठ्ठं आठेच शे." सगळं इथेच आहे म्हणतात, पण काय 'आठे शे' ते मात्र सांगत नाहीत. लोक चहा ढोसून सटकतात. सख्खी मुलगी पुण्याहून येते, तीही त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

मध्यंतरी भिका वारला. मुंबईत त्याचं प्रदर्शन ठरलं आणि त्याची पत्रं बघत फिरणाऱ्या एक बाई नानांकडे येणार असल्याचा फोन आला. नाना नुसते हरखले. सदऱ्याला इस्त्री केली, काच तीनतीनदा पुसली, स्वतः वांगी भाजून भरीत केलं. मला म्हणाले, "भाऊ, आज देखनारं मानूस येई ऱ्हायनं."

बाई आल्या. नाना तोंड उघडायच्या आत त्यांनी फ्रेम काढली, सुलटी केली आणि पत्र मोठ्याने वाचलं.

"नाना, रागावू नकोस. तुझ्या हातात सफाई आहे, पण चित्र नाही. मुंबईला येऊ नकोस. मिळाली आहे ती नोकरी धर."

"किती रोखठोक माणूस!" बाई खूश झाल्या. मोबाइलवर फोटो काढला आणि भरिताला हातही न लावता गाडीत बसल्या.

माझं डोकं फिरलं. बाईंवर, आणि भिकावर त्याहून जास्त. "नाना, आयुष्यभर हा अपमान काच लावून मिरवलात?" मी बोलून गेलो.

नानांनी फ्रेम पुन्हा उलटी टांगली. बोट ठिपक्यावर ठेवलं.

"आठे देख, भाऊ. 'येऊ नकोस' लिखतांना त्याना हात थांबी गया. शाई फुटनी. त्याले बी जड गयं."

मी वाकून पाहिलं. शाईचा डाग होता. त्या काळच्या पेनांतून असे डाग उठतासुटता पडायचे.

"दिखनं का?" नानांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"दिसलं," मी म्हणालो, आणि भरिताचं ताट पुढे ओढलं.