केळ्यांवर लिहिलेले खड्डे

३ नोव्हेंबर, सोमवार. काम : स्वयंपाकघरातल्या खिळ्यांना टांगलेली भाऊजींची केळी उतरवणे.

एकूण सतरा. प्रत्येकावर निळ्या पेनाने काहीतरी लिहिलेलं. 'खकनार रोड, पुलाजवळचा खड्डा.' 'तोच खड्डा, जरा हळू.' 'गतिरोधक, चूक माझी.'

सुरेशभाऊजी माझे धाकटे दीर. राजपुऱ्यात आम्ही एकाच घरात राहतो. ते वर, आम्ही खाली. केळी वाहायची पिकअप माझ्या नावावर आहे आणि किल्ली त्यांच्या खिशात. जूनपासून त्यांना एकच ध्यास : गाडीची कंपनीची कमान, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, काढायची, मऊ कमान आणि नवे शॉकअप टाकायचे. मी नाही म्हणाले. तेव्हापासून ते पुरावे गोळा करताहेत.

हिरव्या केळ्याला मार लागला तर त्या दिवशी काही दिसत नाही. पिकलं की काळा डाग वर येतो. म्हणून भाऊजी एक हिरवं केळं गाडीत ठेवतात, फेरी मारतात, त्यावर खड्ड्याचं नाव लिहितात आणि माझ्या खिळ्याला टांगतात. चार-पाच दिवसांनी सोलून जाहीर करतात, "निकाल लागला, वहिनी! नापास!"

"कोण? केळं की मी?"

"कंपनी."

नापास केळं शिकरणात जातं. पाच महिने आम्ही शिकरण खातोय. गेल्या आठवड्यात मी गतिरोधक खाल्ला. माझे मिस्टर तर वाटी दिसली की ताटावरून उठतात.

भाऊजींचं एक वाक्य ठरलेलं आहे : "माल आधी, आपण मंग." पावसात स्वतः भिजतील, छत्री घडांवर धरतील. एकदा मलाच त्यांनी पिकअपच्या मागे खुर्ची टाकून बसवलं, हातात पाण्याने भरलेला तांब्या दिला आणि बुधवारा पेठेतून फिरवलं. एका बाईने मला रस्त्यात थांबून नमस्कार केला. घरी येईपर्यंत अर्धा तांब्या माझ्या साडीवर.

"निम्मं सांडलं," भाऊजी वहीत लिहीत म्हणाले. साडीबद्दल एक अक्षर नाही.

शेवटी मीच त्यांना गॅरेजात नेलं. मेकॅनिक गाडीखालूनच बोलला, "भाभीजी, खाली गाडी तो उछलेगीच. माल भरो, फिर देखो, मक्खन. नरम कमानी डाली तो लोड में बैठ जाएगी."

"ऐकलंत? रिकामी म्हणून उडते," मी म्हटलं.

"त्याला माल काय कळतो," म्हणत भाऊजी चालते झाले.

तर आज ती सतरा केळी उतरवताना मी पहिल्यांदाच सगळं नीट वाचलं. प्रत्येकाच्या शेवटी बारीक अक्षरात 'रिकामी गाडी, डावी सीट'. मागच्या हौद्यातलं एकही नाही. घड तर हौद्यात जातात. डाव्या सीटवर आमचा कुठला माल बसतो?

वरून सुमनचा आवाज येत होता. सुमन म्हणजे भाऊजींची बायको. रोज संध्याकाळी खकनारला आईशी फोनवर बोलते. मे महिन्यात तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आता डॉक्टर म्हणतात, प्रवास करा, पण धक्का नको. रिक्षात बसवलं तर गल्लीच्या टोकावरून पांढरी पडून परत आली. भाड्याची कार दोनदा बोलावली, दोनदा तिने दारातून परत पाठवली. भाऊबीजेला भाऊ इकडे येऊन गेला. आईला घराबाहेर पडवत नाही, ती तिकडेच राहिली.

तेवढ्यात भाऊजी अठरावं केळं घेऊन आले.

"भाऊजी, सगळी डाव्या सीटवरचीच का हो?"

"तिथून उचलायला सोपं पडतं."

"आणि वर सुमनला शिकरण कधी नेलं नाहीत ते?"

ते खिळा हलवून बघत राहिले. खिळा पक्का होता.

"तिला डाग दाखवून काय करू, वहिनी? मंग ती कधीच बसायची नाही."

मी केळं त्यांच्या हातातून घेतलं आणि जेवायला बसा म्हटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी उठून मी पिकअपमध्ये शेणखताच्या पंधरा गोण्या भरून घेतल्या. गाडी चांगली खाली बसली. कमान कंपनीचीच. डाव्या सीटवर दोन उशा टाकल्या आणि सुमनला हाताला धरून खाली आणलं.

"ताई, माहेरी मी खत घेऊन जाऊ?"

"भावाच्या शेतात टाक. म्हणावं जावेने आहेर दिलाय."

"पण वहिनी, वास..." भाऊजी म्हणाले.

"माल आधी," मी म्हटलं.

मी गल्लीच्या टोकापर्यंत गाडीबरोबर चालत गेले, ते काही अवघड नव्हतं. भाऊजी माझ्यापेक्षा हळू चालवत होते. वळणावरच्या खड्ड्यात चाक गेलं आणि बाहेर आलं. सुमनने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. तिच्या दुसऱ्या हातात अठरावं केळं होतं.

घरी येऊन मी सतरा खिळे उपटले. एक ठेवला.