सासुरवाडीसाठी ड्राय सूट

माझी सासुरवाडी धरणाच्या तळाशी आहे, त्यामुळे बायकोला बाळंतपणानंतर आणायला जायचं तर ड्राय सूट घेणं भाग होतं.

गावाचं नाव सोनघळ. धरण व्हायचं ठरलं तेव्हा पर्यायी जमीन मिळेपर्यंत कुणी हलायचं नाही, असं गावानं ठरवलं. जमीन आली नाही, पाणी मात्र वेळेवर आलं. गाव शब्दाला पक्कं, ते जागेवरच राहिलं, आणि पुढे सवय झाली. त्यांच्या डोक्यावरून जे पाणी जातं तेच शहरात आमच्या नळाला येतं. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, ते पाणी फार आवडतं. स्थळ आलं तेव्हा त्यांनी गावाचं नाव ऐकून एक पेलाभर पाणी पिऊन पाहिलं आणि माणसं चांगली असणार म्हणून होकार दिला.

लग्न झाल्यापासून मी सासुरवाडीला काठापर्यंतच गेलो होतो. दिवाळीला सासरे वर येत, धोतराचा सोगा पिळत, आहेर हातात ठेवत आणि परत जात. ते मला पाण्यात पाहतात अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांनी मला एकदाही पाण्यात पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांची तक्रार नेमकी तीच होती.

सारिका पहिलटकरीण म्हणून माहेरी गेली आणि तिला मुलगी झाली. बारसं लांबत चाललं. अखेर मासेमारी करणाऱ्या एका होडीवाल्याकडून तिचा निरोप आला, की नवरा स्वतः खाली उतरून आला नाही तर ती वर येणार नाही आणि मुलगीही पाठवणार नाही. मी लेकीचा चेहरासुद्धा पाहिला नव्हता. रात्री जेवताना नळाचं पाणी प्यायलो की मला तिची आठवण यायची.

सूट घ्यायला मी आणि अण्णा छाजेडांच्या दुकानात गेलो. लग्नाचे थ्री-पीस आणि शेरवान्या खाली असतात, ड्राय सूट माडीवर. छाजेडशेठनी आम्हाला गादीवर बसवलं, चहा मागवला आणि सासुरवाडी किती खोल आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खालचा ओठ पुढे काढला. एवढ्या खोल पाण्याला गारठा फार, म्हणाले, वरून ऊन कितीही असो, खाली हाडं वाजतात.

मी भीत भीत वेटसूटचा भाव विचारला. त्यात पाणी आत शिरतं, अंगाला चिकटून राहतं आणि अंगाच्या उबेनं कोमट होतं, असं वाचलं होतं.

"तो घरजावई नेतात," छाजेडशेठ म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषयच सोडला. आमच्या घराण्यात सासुरवाडीला जाऊन कुणी भिजलेलं नाही, असं त्यांनी शेठना सांगितलं. शेठनी मान डोलावली आणि पैठण्या उलगडाव्यात तसे सूट एकेक करून आमच्यासमोर उलगडले. जाड रबरी कापडाचा ऊब देतो पण अंगावर फुगतो. पातळ कापडाचा सुटसुटीत, पण आतून लोकरीचं घालावं लागतं. मनगटाला आणि गळ्याला घट्ट रबरी पट्ट्या, म्हणजे थेंब आत यायचा नाही. बुटांचे दोन प्रकार होते. एकात पायात नुसते मोजे आणि वरून वेगळे बूट. दुसऱ्यात बूट सूटलाच कायमचे जोडलेले. अण्णांनी जोडलेले निवडले. जावयाच्या पायाला सासरचं काही लागता कामा नये, हा त्यांचा मुद्दा होता. चेनही त्यांनीच पसंत केली, पाठीमागे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती स्वतःची स्वतःला काढता येत नाही. जावयानं स्वतः काढायचं काय असतं, असं अण्णा म्हणाले, आणि शेठना ते पटलं.

मी आरशासमोर उभा राहिलो. खरं सांगायचं तर मी रुबाबदार दिसत होतो, आणि मला ते आवडलं.

उतरायला फारसा त्रास झाला नाही. देवळाच्या कळसावरून डावीकडे वळलं की घोलपांची आळी लागते. अंधारात पणत्यांसारखं काहीतरी मिणमिणत होतं. अंगात ऊब होती, पाण्याचा थेंब नव्हता. अंगणात सासरे, नाथाजी घोलप, फेटा बांधून उभे होते. सासूबाई तांब्या घेऊन दारात आल्या. माझ्या तोंडात हवेची नळी असल्यामुळे मी नुसता हुंकार देत होतो, पण जावयाला तेवढं पुरतं.

"पाव्हणं, पाय धुवून घ्या," सासरे म्हणाले.

मी पाय पुढे केला. सासूबाईंनी तांब्या उपडा केला. पाण्यातलं पाणी बुटावरून घरंगळलं आणि निघून गेलं. त्यांनी पुन्हा ओतलं. मग वाकून बूट चाचपला, आणि सासऱ्यांकडे पाहून हळूच म्हणाल्या, की पाय कोरडाच आहे. आळीतले चारदोन जण जमले. बिनधुतल्या पायांनी माणूस उंबरा ओलांडत नाही, हा सोनघळचा रिवाज. धरणानं तो बदललेला नाही. नळी बाजूला करून मी समजावलं, की मी आपादमस्तक पाण्यात उभा आहे. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाण्यात उभं राहणं वेगळं आणि पाय धुणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं पडलं. धरणावर अधिकारी येतात तेही गमबूट घालून पाण्यात उभे राहतात, त्यांचेही पाय कधी धुतले गेले नाहीत, आणि त्यांनाही कधी घरात घेतलेलं नाही.

मला राग आला. एवढा खर्च, एवढी तयारी, आणि जावई दारात. तेवढ्यात आतून मुलीचं रडणं ऐकू आलं. मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. माझा राग कुठल्या कुठे गेला.

सारिका दाराशी आली. थोडी वाळली होती.

"न्यायला आलात का भेटायला?" तिनं विचारलं.

"न्यायला."

"मग बाहेरच थांबा. न्यायला तर पोलीसही येतात."

मी तिच्याकडे पाठ केली आणि चेन काढायला सांगितली. मग तिचा हात माझ्या खांद्याला लागला आणि चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली.

पाणी आत आलं. माझ्या आयुष्यात एवढं थंड काही मला लागलं नव्हतं. मी ओरडलो असेन, कारण आळीतली पोरं हसली. सूट पायातून निघाला, नळीही सुटली. सासूबाईंनी आधी उजव्या, मग डाव्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मी आत गेलो. सारिकानं मुलीला माझ्या हातात दिलं. ती माझ्यावर गेली आहे. तिची मूठ गार होती, पण तिला थंडी वाजत नव्हती. मी रडलो, ते कुणाला दिसलं नाही.

बारसं थाटात झालं. मुलीचं नाव ठेवलं तरंगिणी.

पाहुणचार आटोपल्यावर मी निघण्याची भाषा काढली. सासरे म्हणाले, अवश्य निघा, लेकीला आणि नातीला घेऊन निघा, पण ओला सूट घालून जावयाला वाटेला लावलं तर गाव आम्हाला नावं ठेवेल. सूट वाळला की निघा. ते रास्तच होतं. सासूबाईंनी तो अंगणातल्या दोरीवर, चांगला झटकून, वाळत घातला आहे.

मी रोज सकाळी उठून त्याला हात लावून पाहतो. अजून जरासा दमट आहे.