साहेबांची डुलकी आणि गाडीचा थांबा

"त्या साहेबाच्या डोक्याला नुसता माझा हात लागू दे, दुकान वाचलंच म्हणून समज!" न्हाव्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

आता गंमत अशी, की त्याचं दुकान होतं स्टेशनाच्या वेटिंग रूममध्ये! गाडी बंद पडून जमाना झालेला. रुळांत गवत माजलेलं, सिग्नलवर कावळ्यांचा संसार. मग याने तिथे आरसा टांगला, खुर्ची मांडली. आणि एके दिवशी रेल्वेला जाग आली! गाडी पुन्हा सुरू होणार! गाव नाचायला लागलं. हा तेवढा रडकुंडीला आला, कारण पहिल्याच गाडीने बडे साहेब दुकान उठवायला येणार होते.

बायको म्हणाली, "एवढ्या वर्षांनी माझं माहेर जवळ येतंय. वस्तरा घेऊन घोळ घालू नका!"

"अगं, माझ्या मालिशीने मारक्या रेड्याचं मांजर होतं!"

गाडी आली. साहेब तरातरा आत शिरले. "हे दुकान आजच्या आज..."

"साहेब, आधी टेका तर! केवढा शीण आलाय चेहऱ्यावर!"

साहेब टेकले. तेलाचा हात डोक्यावर फिरला मात्र, साहेब घोरायला लागले! घोरणं असं, की लोक दुसरी गाडी आली म्हणून फलाटाच्या कडेला सरकले!

गार्ड धावत आला. "उठवा त्यांना! पहिली गाडी आहे, त्यांनी झेंडा दाखवल्याशिवाय कशी हलवू?"

"तुम्हीच उठवा की."

"मी? मला बायकापोरं आहेत!"

"मग बसा. कल्ले नीट करतो."

गार्डला शोधत ड्रायव्हर आला, तो मिश्या कोरून घ्यायला बसला. ड्रायव्हरला शोधत प्रवासी आले, त्यांनी रांगच लावली! त्यात एक लग्नाला निघालेला नवरदेवसुद्धा! मागे अडकलेल्या मालगाडीचा शिट्ट्या मारून मारून घसा बसला.

उन्हं कलल्यावर साहेबांनी डोळे उघडले. बघतात तर निम्मी गाडी साबणाच्या फेसात!

"साहेब, दुकानाचं...?" न्हाव्याने वस्तरा पाठीमागे लपवत विचारलं.

साहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. "लग्न झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती. दुकान इथेच राहील!"

न्हाव्याने बायकोकडे बघत मिशीला पीळ दिला.

"पण गाडी आणि हे दुकान एका जागी नांदणार नाहीत," साहेब डब्यात चढत म्हणाले. "उद्यापासून गाडी इथे थांबणार नाही!"

तेव्हापासून गाडी रोज येते, ड्रायव्हर हात हलवतो, आणि ती धूळ उडवत पसार होते. अख्ख्या गावाने रागाने दाढ्या वाढवल्यात! न्हावी रिकाम्या खुर्चीत बसून माश्या मारतो.

परवा कंटाळून बायकोला म्हणाला, "दुकान तुझ्या माहेरच्या स्टेशनात हलवू या. तिथे गाडी थांबते."

"थांबते," बायको म्हणाली, "तुम्ही पोचेपर्यंत!"