आमच्या विहिरीत समुद्र मोजणारे दामोदर मास्तर

दामोदर मास्तर रोज पहाटे आमच्या गावच्या विहिरीत समुद्र मोजायचे.

मुकुटबनपासून पाच मैलांवरचं आमचं गाव. समुद्र तिथून किती लांब, हे जन्मभर भूगोल शिकवलेल्या मास्तरांनाच ठाऊक. साठ सालानंतर कधीतरी त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, की अनेक देशांची जहाजं मिळून हिंदी महासागर मोजताहेत. "देश येगळे असतीन, पाणी त एकच हाये ना?" म्हणत निवृत्त मास्तरांनी आमचं गावही त्या देशांत सामील करून टाकलं.

गाठी मारलेला दोर ते कोणी घागर बुडवण्याआधी आत सोडायचे. उपसलेल्या पाण्याचा आकडा खोटा, असा त्यांचा सिद्धांत. बाया ताटकळायच्या.

"मास्तर, समुद्र आटोपला असन त वरणापुरतं पाणी घेऊ का?" सरूकाकू विचारायची.

"थांब वो बाई. जगाचं काम हाये."

जहाजवाल्यांच्या नावे आकड्यांची पाकिटं मुकुटबनला टपालात टाकायला ते माझ्याकडे द्यायचे. मी तेव्हा गावच्या शाळेत शिक्षक. एकही टाकलं नाही. पारावर वाचून दाखवायचो, लोक पोट धरून हसायचे. मग चेव आला. यवतमाळला टंकलेखकाकडून जहाजवाल्यांच्या नावानं इंग्रजी पत्र करवून घेतलं: आपले आकडे मोलाचे आहेत, एक दिवसही खंड पाडू नये. वर जुनं परदेशी तिकीट चिकटवलं आणि स्वतः नेऊन दिलं.

त्याच आठवड्यात त्यांची मुलगी सुशी यवतमाळहून त्यांना कायमचं न्यायला आली. बायको वारलेली, नजर अधू झालेली. मास्तरांनी तिच्यापुढे पत्र धरलं. "कसा येऊ पोरी? तिकडं जहाजं खोळंबतीन."

सुशी रडत एसटीत बसली. गावानं मास्तरांना ठार वेडं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो. "मास्तर, ते पत्र मी लिहिलं होतं."

"मालूम हाये." ते दोर सोडतच राहिले. "डोये गेले माहे, कान नाही गेले. पारावरचं हासणं घरापर्यंत येते. पाकिटं गेलीच नाही, त जवाब कुठून येईन?"

"मग पाकिटं मले देत कायले राह्यले?"

"लोकं हासत होते, पण आज पाणी किती म्हणून इचारत त होते."

दोर वर ओढत म्हणाले, "सुशीचं घर दोन खोल्यायचं. सासू, दीर, चार लेकरं. मी कुठी झोपलो असतो? नुसतं येत नाही म्हटलं असतं, त तिनं सोडलं नसतं. तुया पत्रानं काम झालं. तिले कधी सांगू नको."

मी सांगितलं नाही. मास्तर कधीच गेले, गेल्या वर्षी सुशीही गेली. पारावर मास्तरांच्या वेडाचा विषय निघाला की अजून लोक हसतात. सुशी होती तोवर त्या हसण्यात पहिला आवाज माझाच असायचा.